मागच्या ओळीतली माणसं

आमचा धाकटा भाऊ तसा मुखदुर्बळ, पण फोटो असे काढतो की रडकं पोरसुद्धा राजबिंडं दिसावं. नुसत्या कौतुकाने पोट कुठे भरतं? शेवटी काकांनी फर्मान काढलं, "एक तारखेपासून माझ्या रंगाच्या दुकानात बसायचं." माझा जीव तुटला. मी इस्पितळाचं स्वयंपाकघर सांभाळते. अधीक्षकबाईंच्या मागे लकडा लावून मी त्याला एक काम मिळवून दिलं. सगळ्या कर्मचाऱ्यांचा एकत्र फोटो, दर्शनी भिंतीएवढा. तो जमला तर वॉर्डांचे फोटोही त्याचेच, नाहीतर रंगाचे डबे आहेतच.

"ताई, एवढ्या मोठ्या फोटोला सेन्सरही मोठा हवा," म्हणत त्याने दिवसभरासाठी मीडियम फॉरमॅट कॅमेरा भाड्याने आणला. प्रकाश टिपणारा तो तुकडा त्याच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात टपालाच्या तिकिटाएवढा, यात चांगला चौपट. गडी इतका हरखला की जेवायचंही विसरला.

व्हरांड्यात आम्ही तीन ओळींत उभे राहिलो. पुढे डॉक्टर, मध्ये नर्स, मागे स्वयंपाकघर, धुलाई आणि झाडलोटवाले. उजेड बेताचा होता, म्हणून त्याने लेन्सचं तोंड नेहमीसारखंच बरंच उघडं ठेवलं. संध्याकाळी कॅमेरा परत गेला आणि घरी फोटो मोठा करून बघतो तर काय! डॉक्टरांची पापणीन् पापणी मोजून घ्यावी आणि मागची ओळ सगळी धुक्यात. माझ्या तोंडाचा तर पार लगदा.

"अरे गाढवा!" मी कडाडले.

"मोठ्या सेन्सरवर लेन्स तेवढीच उघडली तर पुढचं-मागचं एकाच वेळी स्पष्ट येत नाही. माहीत होतं गं, पण हात सवयीने चालला."

बाईंना मात्र फोटो पसंत पडला. मोठी माणसं पुढेच होती ना! मी म्हटलं, "आता गप्प बस." पण हा पठ्ठ्या सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभा. "बाई, मागची ओळ बिघडलीय. चूक माझी आहे. पुन्हा काढू द्या." बाईंच्या कपाळाला आठी पडली, पण त्या हो म्हणाल्या.

या वेळी त्याचाच छोटा कॅमेरा. सगळ्यांना अंगणात भर उजेडात उभं केलं, लेन्सचं तोंड बारीक केलं आणि तिन्ही ओळी लख्ख आल्या.

फोटो भिंतीवर चढला तेव्हा बाईंनी नाक लावून पाहिला. "जवळून जरा दाणेदार वाटतोय."

"हो. लहान सेन्सर आहे," धाकटा म्हणाला. सारवासारव नाही की काही नाही.

तेवढ्यात धुलाईतल्या मावशी पुढे झाल्या. शेवटच्या ओळीतल्या स्वतःच्या चेहऱ्यावर त्यांनी बोट ठेवलं. "ही मीच ना? याची एक प्रत मिळेल? माझा फोटोच नाही घरात." मग झाडलोटवालेही विचारू लागले, एकच गलका झाला.

बाई हसल्या. "वॉर्डांचं कधी सुरू करताय?"

धाकट्याने तिथेच फोन लावला. "काका, दुकानासाठी दुसरं कुणी बघा." आणि मी, पन्नाशीची बाई, सगळ्यांदेखत भोकाड पसरून रडले.