सनई कॉम्प्युटरची, मांडव बाळापूरचा

गाणी बनवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळालं, पण सनईचे आवाज उतरवण्यात घरातला महिन्याचा डेटा संपला आणि वर बायकोचा अबोला.

महागडी सॉफ्टवेअरंही ऐकली होती मित्रांनो. व्हायोलिनं ढीगभर, सनई मात्र निव्वळ पिपाणी! याच्या सनईत वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येतो, म्हणून हेच घेतलं. "आता वाजंत्र्यांची गरज संपली," असं सेनगावभर सांगत फिरलो.

आज बाळापूरचे गणपतराव लेकीच्या लग्नासाठी केलेलं गाणं ऐकायला घरी आले. माझी पहिलीच ऑर्डर, ती यांच्या पसंतीवर. ऐकता ऐकता त्यांनी डोळे पुसले.

"काय सनई हाय! कोण वाजवून राहिला?"

"कॉम्प्युटर," मी ऐटीत म्हणालो.

"कॉम्प्युटरला दम लागतो व्हय? मस्करी नका करू भाऊ. हा माणूस मांडवात पायजे, तरच ऑर्डर पक्की."

मी लगेच हो म्हणालो. ऑर्डर पक्की झाली!

आता सनईवाला शोधतोय. कोणी आहे का ओळखीत?