नाटकाचं घर बघायला गेलो

आमच्या सुनयनाला नटी व्हायचंय ही बातमी घरात सगळ्यात आधी मला कळली, आणि मी कपाळाला हात लावला नाय. बाकी सगळ्यांनी लावला. हे आधीच सांगून ठेवते, मागनं वाद नको.

मी गोजरा, तिची आत्या. माझा भाऊ भैरू वाशीच्या मार्केटात, कांद्या-बटाट्याच्या गाळ्यावर माथाडी. पाटणच्या डोंगरातनं आलेली आमची सगळी माणसं एकाच टोळीत आणि एकाच कोपरखैरण्यात, एकमेकांच्या खिडकीत नाक खुपसून राहणारी. मालक गेल्यावर मी भावाच्या दारात आले, पण भावाच्या जिवावर नाय हं. रबाळ्याच्या कारखान्यातल्या पोरांना डबे देते. स्वतःची भाकरी स्वतः खाते, म्हणून कुणाचं वाकडं बोलणं ऐकून घेत नाय.

सुनयना बापाच्या वळणावर गेलेली. उंच, सावळी, खांदे रुंद. हसली की खालच्या मजल्यावर कळायचं. कॉलेजच्या एकांकिकेत तिनं सासूचं काम केलं होतं. मी पुढच्या रांगेत बसले, आणि ती स्टेजवर आली तशी मला माझी मेलेली सासू आठवली आणि मी पटकन डोक्यावर पदर घेतला! शेजारची बाई हसली माझ्याकडं बघून. हसू दे. घरी येऊन मी पोरीची दृष्ट काढली.

सत्त्याण्णव साली तिचं बी.ए. झालं आणि तिनं दोन जागा हेरल्या. एक, पुण्याकडच्या विद्यापीठात नाटकाचं एम.ए. दुसरी, गिरगावातली नाटकाची शाळा. दोन्हीकडं दोन वर्षं. विद्यापीठात डिग्री मिळणार, शाळेत नुसता डिप्लोमा.

भैरूनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "विद्यापीठात जाणार असशील तर मी चार माणसांत सांगीन, पोरगी एम.ए. करतीय. कशात, ते कोण विचारत नाय. पण त्या शाळेचं नाव काढलंस तर मानसिंगच्या भाच्याबरोबर सुपारी फोडून मोकळा होईन."

हा मानसिंग म्हणजे टोळीचा मुकादम, आणि गावच्या मुंबईकर मंडळाचा अध्यक्ष. दर चैत्रात गावच्या जत्रेला मंडळ नाटक करतं. गडी आमचेच, पण बायांची कामं करायला बाहेरनं बाया ठरवून आणतात. त्या उतरतात आमच्याच घरी, देवळाजवळ म्हणून. माझी भावजय वेणू त्यांना जेवू घालते, सकाळी ओटी भरून एसटीत बसवते. आणि रात्री ज्या गावानं हात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवल्या, तेच गाव सकाळी म्हणतं, "नाटकातल्या बाया त्या." गावची लेक आजपर्यंत स्टेजवर चढलेली नाय, हे मानसिंगचं आवडतं वाक्य. छाती पुढं काढून बोलतो मेला.

खरं सांगते, मीपण आधी डिग्रीच्या बाजूची होते. सुनयनाला म्हणलं, "जा की विद्यापीठात. सगळ्यांची तोंडं बंद."

"म्हणजे चोरून शिकायचं?" ती उसळली. "मी काय चोरी करतेय, आत्या?"

मग मी म्हणलं, "हे बघ, पोरगी द्यायची तर आपण आधी काय करतो? घर बघतो. चल, दोन्ही घरं बघून येऊ."

हे काम माझ्या हातचं. भावकीतल्या कितीतरी पोरींची घरं मी बघून आलेय. पाहुणे बैठकीत काय बोलतात त्याच्याकडं मी लक्षच देत नाय. उठायचं, पाणी प्यायच्या निमित्तानं आत जायचं, आणि घरातल्या सुनेला एका बाजूला घेऊन विचारायचं, "बाळे, नांदायला कसं हाय?" ती काय म्हणती त्यापेक्षा कुठं बघून म्हणती ते बघायचं. तर मी चांगलं लुगडं नेसले, पेढ्यांचा पुडा घेतला आणि निघालो. सुनयना लाजेनं लाल. "आत्या, कॉलेजला पेढे कोण नेतं?" मी म्हणलं, रिकाम्या हातानं मी कुणाच्या दारात जात नाय.

विद्यापीठात झाडंच झाडं. तिथल्या सरांनी बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, पेढा खाल्ला. शिकवतात काय, तर नाटकाचा इतिहास, देशोदेशीची नाटकं, शिवाय प्रात्यक्षिक. मुलींचं होस्टेल बघितलं, नळाला पाणी होतं, खोल्या स्वच्छ. एका पोरीला बाजूला घेऊन विचारलं, तर "बरं आहे, मावशी" म्हणाली आणि वहीत बघत राहिली. सुनयनानं सरांना विचारलं, "सर, पहिल्या वर्षी स्टेजवर किती काम असतं?" माणूस खरा होता. म्हणाला, "पहिल्या वर्षी वाचन जास्त. आधी पाया, मग स्टेज." घर मला पसंत पडलं. शिकलेलं, खाऊनपिऊन सुखी. परत येताना एसटीत सुनयना अख्खा घाट बोटांवर महिने मोजत बसली, स्टेजवर चढायला किती लागतील ते.

गिरगावची शाळा एका जुन्या इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर होती. जिना चढून माझे गुडघे बोलायला लागले. आत एक उंच बाई पोरापोरींवर ओरडत होती, "घशातून नको, पोटातून बोला!" कमरेला ओढण्या बांधून मुली लाकडाचे मोठमोठे चौथरे इकडनं तिकडं नेत होत्या. खुर्ची नाय, चहा नाय, कुणी आमच्याकडं बघितलंसुद्धा नाय. माझं डोकंच फिरलं. मी म्हणलं, "दारात आलेल्या माणसाला पाणी विचारायची रीत हाय का नाय इथं?"

बाई वळली. "माठ तिकडे आहे. मुलंच भरतात. घ्या हातानं."

असल्या घरात मी मांजरसुद्धा दिलं नसतं. पण आलोय तर रीत पुरी करायची, म्हणून स्टेज झाडणाऱ्या एका मुलीला गाठलं. तिची ढोपरं सोललेली. विचारलं, "बाळे, नांदायला कसं हाय गं इथं?"

पोरगी खेड्यातली असावी, तिला बरोबर कळलं. केरसुणी टेकवून म्हणाली, "रोज रडते, मावशी. पहिल्याच दिवशी स्टेजवर उभं करतात आणि आपल्याला काही येत नाही हे सगळ्यांसमोर कळतं."

"मग माघारी का जात नाहीस?"

"माघारी?" ती माझ्याकडं अशी बघायला लागली, जसं काय मलाच वेड लागलंय. "कशाला?"

इतक्या घरांत इतक्या पोरींना मी हा प्रश्न विचारला. सगळ्या "बरं हाय" म्हणायच्या आणि जमिनीकडं बघायच्या. पुढं त्यातल्या कितीतरी जणींचे हाल माझ्या कानावर आले. माझ्या डोळ्याला डोळा भिडवून बोललेली ही पहिलीच. या घरासाठी आणलेला पेढ्यांचा पुडा मी तिच्याच हातात दिला.

मागं वळून बघते तर आमची बया कुठंय? एका चौथऱ्याचं एक टोक तिनं धरलेलं, आणि ती तो घेऊन चाललेली. कुणी सांगितलं नव्हतं. उंच बाई लांबनं तिच्या खांद्यांकडं बघत होती. जाताना म्हणाली, "सोमवारी ऑडिशन आहे. ये."

बसमध्ये मी विचारलं, "डिग्री नाय मिळायची. लोकांना काय सांगशील?"

"खरं सांगेन."

"सांग मग," मी म्हणलं. "मी हाय."

आणि सोमवारच्या आदल्याच दिवशी, रविवारी सकाळी, मानसिंग भाच्याला घेऊन पोरगी बघायला हजर! आम्ही गिरगावला जाऊन आलो हे कळल्यावर भैरूनं आम्हाला न विचारता बोलावलेलं. भगवान नाव त्या भाच्याचं, सरकारी नोकरी, तसा गरीब मुलगा. मानसिंगची बायकोपण आलेली. वेणूनं तिच्यासाठी खण-नारळ ताटात काढून ठेवला. सुनयनानं पोहे आणले.

"पुढं काय शिकायचा विचार हाय?" मानसिंगनं विचारलं.

"एम.ए.," भैरू घाईघाईनं म्हणाला.

सुनयनानं ट्रे खाली ठेवला. "नाही काका. मी नाटकाच्या शाळेत जाणार आहे. उद्या परीक्षा आहे, घेतलं तर जाणार. तिथं डिग्री मिळत नाही. अभिनय शिकवतात."

भगवानला ठसका लागला. मानसिंग भैरूकडं वळला. "काय ऐकतोय मी? आपल्या गावची लेक आजपर्यंत..."

"स्टेजवर चढली नाय, ठाऊक हाय," मी म्हणलं. "चढंल आता."

"मग जत्रेतल्या त्या बायांत आणि हिच्यात फरक काय राहिला?"

भैरू खाली बघायला लागला, त्याची मान लाल झालेली. "सुनयना, आत जा," तो म्हणाला. मला वाटलं, संपलं सगळं. पोरीचे डोळे भरले, पण ती जागची हलली नाय.

आणि आतनं वेणू आली. माझी ही भावजय चार माणसांत कधी तोंड उघडत नाय. तिच्या हातात ते खण-नारळाचं ताट.

"भावजी," ती म्हणाली, "त्या बाया माझ्या घरी जेवल्यात. वर्सावर्साला मी त्यांची ओटी भरते. रातभर उभं राहून तुमच्या जत्रेची अब्रू राखतात त्या. फरक विचारताय? कायबी फरक नाय. सुनयना, बस पाटावर."

"अगं वेणू," मानसिंगची बायको म्हणाली, "कुवार पोरीची अशी ओटी भरतात होय?"

"माझी लेक उद्या घराबाहेर निघालीय. मोकळ्या ओटीनं नाय धाडायची मी तिला."

मानसिंग ताडकन उठला. "भैरू, तू बोलणार का नाय?"

भैरूनं मान वर केली. पाटावर बसलेल्या पोरीकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. मग म्हणाला, "पोहे संपवून जावा, मानसिंगराव. अन्न टाकू नये."

मानसिंग बायकोला घेऊन तसाच गेला, चपला फरफटत. भगवाननं मात्र बशी चाटून पुसून संपवली, सुनयनाला "ऑल द बेस्ट" म्हणाला आणि मग मामाच्या मागं पळाला.

वेणूनं लेकीला हळद-कुंकू लावलं. खण दिला, नारळ दिला. मी भिंतीला लागून उभी होते. मालक गेल्यापासनं ओटी भरताना मी भिंतीलाच उभी राहते, कुणाला सांगावं लागत नाय. वेणूनं तांदळाचं ताट माझ्यापुढं धरलं.

"वन्सं, घर तुमी बघून आलाय. तांदूळ तुमी घाला."

भैरू बघत होता, पण नको म्हणाला नाय. मी ओंजळ भरली, पोरीच्या ओटीत रिकामी केली आणि म्हणलं, "रडलीस तरी चालंल. माघारी येऊ नकोस."