चौकातल्या ओट्याचा पंचनामा

कोठडीत गुडघ्यांत डोके घालून बसलेला तो गाडीवान अजून डोळ्यांपुढून हलत नाही. तळोदा रस्त्यावरच्या एका बाजारगावी मी नवा फौजदार होतो. चौकात मधोमध गोल ओटा नुकताच बांधलेला. तो उजव्या हाताला ठेवून वळायचे, असा हुकूम. गाडीवान उलटा वळला, उतारूंची सर्व्हिस मोटर त्याच्या बैलगाडीवर आदळली आणि एका उतारूचा पाय मोडला.

एका दुकानदाराने खबर दिली, गाडीवान प्यालेला होता. झाले! गरिबाविरुद्धची खबर तपासायची गरज कोणाला वाटते? बैल मुद्देमाल म्हणून चौकीमागे बांधले. त्याला तुरुंगात धाडायचे कागद तयार होऊ लागले.

मी खोदून खोदून विचारले. तो एकच सांगे, "मी काहीच करं नई, साहेब. बैल आपलेआप वळनात."

"मंग बैलेसवर खटला भरूत का रे?" जमादार म्हणाला. सगळी चौकी हसली. मीही हसलो, लपवत नाही.

सकाळी त्याची बायको आली. रडली नाही. "साहेब, बैलेसलेच इचारा. महिनाभर खयामा फिरी ऱ्हायनात त्या."

ज्वारी मळताना बैल खळ्यातल्या खांबाभोवती फिरतात. कोणत्या बाजूने, विचारले. खांब डाव्या हाताला, ती म्हणाली. मी पंच बोलावले, चारी रस्ते अडवले, तीच जोडी जुंपली आणि कासरा सैल सोडला. बैल ओट्यापाशी आले आणि तो डाव्या हाताला घेऊन गोल फिरू लागले. दोन फेरे झाले तरी थांबेनात.

दुकानदाराला पुन्हा बोलावले. वास आला होता का? नाही. उलटा वळला, म्हणजे प्यालेलाच असणार, असे त्याला वाटले होते.

ओटा बांधणाऱ्या साहेबाला या गावात बैल दिसले नव्हते? चारी रस्ते त्याने नाकासमोर ओट्यावर आणून सोडलेले! मी अहवालात तसेच लिहिले. फौजदाराने चोर पकडावेत, असे वरून उत्तर आले. मी पुन्हा लिहिले, पुन्हा लिहिले. अखेर प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी चुना लावलेले दगड तिरपे रोवले गेले, जनावराला डावीकडेच वळावे लागेल असे.

गाडीवान सुटला. पुढच्या बाजाराला तो कासरा मांडीवर टाकून चौकातून बरोबर वळून गेला. मला पाहून हसला, "साहेब, आते बैलेसले कायदा समजना."

समजला होता तो रस्त्याला. चुकणाऱ्याला कोठडीत घालण्याआधी त्याला चुकायला लावणारी जागा पाहून या, एवढेच मी त्यानंतर हाताखालच्या प्रत्येक शिपायाला सांगत आलो.