उत्तर न सांगणारी धुडकी

धुडकीने जन्मात कुणाला उत्तर सांगितलं नाही. कोडं घालायची, समोरच्याला घाम फोडायची आणि तो अगदीच रडकुंडीला आला तर एवढंच म्हणायची, "घोडा नाचाड." म्हणजे घोडा नाचव. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, पोरगी वेडी आहे. पुढे कळलं, वेडी नव्हे, हट्टी. आणि हट्टी माणसं मला आवडतात. मी तरी कुठे कमी आहे!

वडिलांची सारंगखेड्याच्या पोस्टात बदली झाली, तेव्हा मी बारा-तेरा वर्षांची. तापीकाठचं गाव, घरोघरी अहिराणी. माझं 'आहे' आणि 'नाही' ऐकून वर्गातल्या पोरी तोंडाला पदर लावून हसायच्या. धुडकी हसली नाही. आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून हिला दृष्ट लागू नये अशा बेताने ते टाकाऊ नाव ठेवलेलं. लुकडी, उंच, कपाळावर कायम आठी. जवळ येऊन तिने कोडंच घातलं, "जत्रामा घोडा नि मानसं मियीसन मुंडका दहा, पाय बत्तीस. घोडा कितला, मानसं कितला?"

दहा डोकी, बत्तीस पाय; घोडे किती, माणसं किती? मी पाटीभर आकडे मांडले आणि पुसले. तिच्यापुढे पाटी आपटली. ती शांतपणे म्हणाली, "घोडा नाचाड."

मार्गशीर्षात गावची घोड्यांची जत्रा भरली, तेव्हा कुठे उजेड पडला. हलगी कडाडली आणि एक पांढरा घोडा पुढचे दोन्ही पाय उचलून मागच्या पायांवर उभा राहिला. अगं बाई! सगळे घोडे असेच उभे केले, तर जमिनीवर डोक्यामागे दोनच पाय उरतात, बाकीचे हवेत! त्या गर्दीत मी अशी किंचाळले की आईने चिमटा काढला. धुडकी पलीकडून बघत होती. तेव्हा पहिल्यांदा तिच्या कपाळावरची आठी मोडलेली मी पाहिली. त्या दिवसापासून आम्ही दोघी एकजीव झालो.

शाळेत गणिताचा तास सुरू झाला की मास्तर मुलींना ओसरीवर शिवणाला धाडत. "तुम्हाला काय करायचंय त्रैराशिक? चूल पेटवायला लागतं का?" हा त्यांचा ठरलेला विनोद, आणि मुलगे ठरल्यासारखे हसत. धुडकी खिडकीखालची जागा कुणाला देत नसे. कान आत, सुई बाहेर. मास्तरांनी फळ्यावर त्रिकोण काढला की हिच्या रुमालावर त्रिकोण उमटे. तिला एकच गोष्ट हवी होती: सातवीच्या परीक्षेला नंदुरबारला जायचं आणि मुलग्यांचा असतो तोच गणिताचा पेपर सोडवायचा. पण त्यासाठी मास्तरांनी नाव धाडायला हवं. कुणी म्हटलं, मुलींना तो पेपर कशाला, की तिचं एकच उत्तर, "गनित कोना बापनं शे?" गणित काय कुणाच्या बापाचं आहे!

भाद्रपदाच्या पौर्णिमेला खानदेशात गुलाबाई बसते. मातीची गुलाबाई मांडून पोरी रोज नव्या घरी टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात. मग घरची बाई झाकलेला डबा खुळखुळवते, आत कोणता खाऊ आहे ते पोरींनी ओळखायचं. त्या वर्षी धुडकीने हा रिवाज उलटाच केला. "नुसतं लाडू का करंजी काय वळखो? डोकाले काही काम द्या." तिने कोड्यांची गाणी रचली, चाली मी बसवल्या. आधी घरच्या बाईने कोडं सोडवायचं, मगच आम्ही खाऊ ओळखून खाणार.

सारंगखेडानी जत्रामा काय काय उनं व माय,
मुंडका शेतस दहा नि बत्तीस शेतस पाय,
घोडा कितला, मानसं कितला, सांगा व बाई,
सांगशात ते खाऊ, नहीं ते खाऊ नहीं!

काय सांगू, गाव खुळं झालं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या पोरी विहिरीवर पाय मोजत बसायच्या. लग्न ठरलेल्या दोघी जणी, ज्यांना बाहेर पडायची बंदी, त्यांनी खिडकीतून उत्तर ओरडून सांगितलं. ओसरीवर आम्ही भागाकार भांड्यांनी शिकवला आणि अपूर्णांक भाकरीने. मुलगेसुद्धा गाणी पळवू लागले. एकदा वर्गात मास्तर उदाहरणात अडले आणि मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, घोडा नाचाडा!"

झालं! मास्तरांनी धुडकीला उभं केलं. "देवीची गाणी बाटवतेस, आणि तीही या गावंढळ बोलीत? हे बंद कर, माझी माफी माग. नाहीतर तुझं नाव परीक्षेला जाणार नाही."

तिचा बाप साधा माणूस, हबकलाच. "एकदाव माफी मांगी ले, अंडेर," म्हणून लेकीची विनवणी करू लागला. मीसुद्धा म्हटलं, माग ना बाई, दोन शब्दांनी काय जातं? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी टिपऱ्या आणायला घरी पळाले. आणि योग असा की त्या दिवशी गुलाबाईची पाळी होती मास्तरांच्याच घरची. दारी आलेल्या गुलाबाईला कुणी परत लावत नाही. मास्तरांची काय बिशाद?

दिवेलागणीला आम्ही दारात उभ्या राहिलो. मास्तर पुढे आले. "माफी मागायला आलीस ना?"

"माफी मांगाले नहीं येल," धुडकी म्हणाली. "गुलाबाई लई येल शे." गुलाबाई घेऊन आलेय म्हणे! आणि तिने घोड्यांचंच गाणं लावलं. टिपऱ्या अशा वाजल्या की कौलं हलावीत. खरं सांगते, इतका आनंद मला पुढे कधी झाला नाही.

"पुरे!" मास्तर गरजले. तेवढ्यात झाकलेला डबा घेऊन मास्तरीणबाई बाहेर आल्या. माहेरच्या शहाद्याच्या, नवऱ्यापुढे त्यांचा आवाज गावाने कधी ऐकला नव्हता. जमिनीकडे बघत त्या म्हणाल्या, "घोडा मांगला पायवर उभा करा, ते बारा पाय वर ऱ्हातस. घोडा सहा, मानसं चार." आणि डबा खुळखुळवला, "आते तुम्ही वळखा व पोरीसहोन."

मास्तर पाठ फिरवून आत गेले. जाता जाता म्हणाले, "नाव जाणार नाही."

"नका धाडू," धुडकी म्हणाली. "पन गनित कोना बापनं शे?"

नाव गेलं नाही ते नाहीच गेलं. मुलगे गाडीतून नंदुरबारला निघाले, तेव्हा ती तापीवर कपडे धूत होती. दगडावर असे आपटत होती, की मी जवळ गेलेच नाही. त्या माणसाला मी आजही क्षमा केलेली नाही, आणि करणारही नाही. पण गुलाबाईच्या त्या रात्रीनंतर ओसरीवर पुन्हा सुई चालली नाही. गणिताचा तास लागला की आम्ही बाहेर मोठ्याने गणितच करायचो. मास्तरांनी खिडकी लावून घेतली. खानदेशातला आश्विनाचा उकाडा. किती वेळ लावून ठेवणार? घामाघूम होऊन त्यांनीच उघडली.

पुढच्या वर्षी आमची बदली झाली. निघताना धुडकीने फडक्यात घट्ट बांधलेला डबा माझ्या हातात दिला. "यामा लाडू शेतस. पहिला घरले निम्मा दिधा नि वर अर्धा लाडू. दुसरा घरले तसंच, तिसरा घरले तसंच. डबा खाली. पन एक बी लाडू फोडना पडना नहीं. सुरवातले कितला व्हतात? तितलाच यामा शेतस. उत्तर सापडनं की गाठ सोड."

"प्रत्येक घरी उरल्यातले निम्मे आणि वर अर्धा, तिसऱ्या घरी डबा रिकामा! फोडल्याशिवाय अर्धा लाडू द्यायचा कसा? सांग ना गं!" मी रडतच विचारलं. तीही रडत होती, पण सांगेल ती धुडकी कसली!

नंदुरबार मागे पडल्यावर आगगाडीत मला उत्तर सापडलं. गाठ सोडली, लाडू मोजले. बरोबर.

धुडकी धानोऱ्याला दिली, आणि पहिल्याच बाळंतपणात गेली. बातमी कळली ते दिवस गुलाबाईचेच होते. इथे, खानदेशाबाहेर, आमच्याकडे गुलाबाई बसत नाही, तरी मी लाडू वळले, डब्यात भरले आणि शेजारच्या पोरींना हाक मारली. तेव्हापासून दरवर्षी मारते. डबा खुळखुळवते, तेच लाडवांचं कोडं घालते. पोरी चिडतात, पाया पडतात, आजी, एकदा उत्तर सांगा म्हणतात.

मी सांगत नाही. तुम्हालाही सांगणार नाही. घोडा नाचाडा.