सूत न मारलेला पूल

पेंटरकाका ब्रश डाव्या मांडीला पुसायचे, म्हणून सगळ्या पँटी एकाच पायाने रंगीत. रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायचे. एखादं अक्षर बसकं निघालं की थांबून मान हलवायचे. चहाचा कप आधी नाकाशी न्यायचे, कारण एकदा ब्रश धुतलेलं पाणी पिऊन झालं होतं.

ते आमच्या समोर राहायचे. जन्मभर पाट्या रंगवल्या. वयाने माझ्या वडिलांहून मोठे, तरी मैत्री होती. मी साहित्यात पदवी घेतल्यापासून त्यांचा एकच विनोद चालायचा.

"एवढं साहित्य शिकलीस, आणि माझं साहित्य कुठंय ते सांगता येईना?"

मी पलंगाखालून रंगांचा डबा काढून द्यायची.

त्या पलंगावर काकू होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. माहेरी जाणं संपलं, हे त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. मग समोरच्या भिंतीवर माहेरची नदी आणि दगडी पूल काढून मागितले. टर्पेंटाइनच्या वासाने त्यांना उबळ यायची, म्हणून काकांनी ऑइलपेंट सोडून ॲक्रिलिक आणलं. ते हां हां म्हणता वाळतं. काका तरी सवयीने फुंकर घालायचे.

नदी छान उतरली. मागे लांबवर दिसणारा दुसरा, धाकटा पूलही. काकूंच्या मोठ्या दगडी पुलासाठी त्यांनी पाटीसारखंच सूत मारलं, म्हणजे खडू लावलेली दोरी भिंतीवर ताणून मधे चिमटीत ओढून सोडली. पांढरी सरळ रेघ उमटली. शिरोरेषेला अक्षरं टांगावीत तशा तिला कमानी टांगल्या.

काकूंनी मान उचलून बघितलं.

"पाटी झकास झाली," त्या म्हणाल्या. "आता पूल काढा."

त्यांचा पूल मधे उंच होता. या टोकाला उभं राहिलं की पलीकडून येणाऱ्याचं आधी डोकं दिसायचं, मग खांदे. काका पहिल्यांदा त्या गावी आले तेव्हा आधी त्यांची टोपीच आली होती, असं काकूंनी मला सांगितलं. काका कुंचला मांडीला पुसत राहिले.

त्यांनी पुलावर आभाळाच्या रंगाचा हात देऊन तो झाकला आणि पुन्हा काढला. रेघ पुन्हा सरळ. तिसऱ्यांदाही तेच. काकू रागावल्या नाहीत. फक्त तोंड दुसऱ्या भिंतीकडे करून पडू लागल्या.

मग काकांनी दोरी माझ्या हातात दिली. "तुझ्याकडे ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस."

दुसऱ्याच दिवशी मागितली. मी म्हटलं, साहित्य सापडत नाही.

तेव्हा कुठे त्यांनी खालून सुरुवात केली. आधी पाणी, पाण्यातून खांब, खांबांवर कमानी. मधली कमान काकू थांबा म्हणेपर्यंत वर नेली. संध्याकाळी ब्रश धुताना म्हणाले, उद्या वरचा कठडा, आणि कठड्यावर टोपी.

सकाळी चहाचा कप नाकाशी नेला, तो तिथेच सांडला. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. मला ते अजून नीट कळलेलं नाही.

काकू आता पुलाच्या भिंतीकडे तोंड करून असतात. त्यांच्या भाच्याने दुसरा पेंटर आणतो म्हटलं. त्या नको म्हणाल्या. दोरी माझ्याकडेच आहे. खांब आहेत, कमानी आहेत, मधली सगळ्यांत उंच. कठडा राहिला. टोपीही.