घड्याळ्याने लावलेला कोटा

भोंगा सातचा होता, पण घड्याळ्याचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. भीतीने झोपच उडायची. पंख्याच्या मोटारींच्या कारखान्यात तो कामाचा वेळ मोजायचा. हातात स्टॉपवॉच, मागे साहेब, समोर तारेच्या कॉईल गुंडाळणाऱ्या बायका. साहेबांना तो कामगारांपैकी वाटे, कामगारांना साहेबांपैकी. जेवायला त्याच्या शेजारी कोणी बसत नसे.

घात केला तो बायकोच्या मायेने. तीही कॉईल गुंडाळायची. कोटा, म्हणजे दिवसाला किती कॉईल व्हायलाच हव्यात तो आकडा, ठरवायच्या दिवशी घड्याळ सुरू झालं की तो कमी यावा म्हणून हात सैल सोडायचा, हे कुणाला शिकवावं लागत नाही. पण साहेबांसमोर नवऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून ती सुसाट सुटली. तिचा वेग तोच सगळ्यांचा कोटा झाला.

वर्षभरात तो तिलाच झेपेना. मनगटं सुजायची. कपडे पिळायचं काम घड्याळ्याकडे आलं. शेजारच्या यंत्रावरची एक जण तिला म्हणाली, "वहिनी, नवऱ्याचे लाड घरी करत जा. आमच्या हातांनी नको."

मालकाकडे तोंड उघडायची घड्याळ्याची छाती झाली नाही. मग सरकारने कारखाना ताब्यात घेतला, पाटी बदलली. घड्याळ्याला भर फाटकात मालकाचं कुत्रं म्हणणारा, लेथ यंत्रावरचा कामगार पुढारी साहेबांच्या खुर्चीत बसला. त्याने घड्याळ्याला बोलावून चहा दिला. घड्याळ्या आणखीच घाबरला. कोटा तोच राहील, पुढारी म्हणाला, वर शब्द दिलाय.

"जमत नाही हो," घड्याळ्या कसाबसा म्हणाला.

"कुणाला?"

"माझ्या बायकोला. कुणालाच."

"मालकासाठी जमलं, आणि कारखाना आपला झाल्यावर जमत नाही? हे वर कुठल्या तोंडाने सांगू?"

शेवटी वर दाखवायला आकडा हवा म्हणून पुन्हा मोजणी करायची ठरलं, बायकोचीच. आदल्या संध्याकाळी घड्याळ्याने बायकोला विनवलं, "उद्या घाई करू नकोस."

"आणि तुमचं काय?"

"माझं मी बघतो." काय बघणार, ते त्याला ठाऊक नव्हतं.

सकाळी ती यंत्रापाशी बसली. मुद्दाम सैल सोडायची गरजच नव्हती, बोटं वळत नव्हती. तार सुटली, तिने पुन्हा धरली. घड्याळ्याचा अंगठा घामाने बटणावरून घसरत होता. पुढारी कानाशी पुटपुटला, "आकडा मांडण्याआधी पोटाचा विचार कर."

घड्याळ्याने दिसलं ते मांडलं.

कोटा उतरला. महिनाअखेरीला त्याचं घड्याळ काढून घेतलं आणि त्याला गोदामात पेट्या उचलायला धाडलं. पेटी गुडघ्यांच्या जोरावर उचलायची असते, पाठीच्या नाही, हे त्याला पाठ धरल्यावर समजलं. इतकी वर्षं दुसऱ्यांचं काम मोजलं होतं, हे मात्र मोजण्यात कधी आलं नव्हतं. पगार आधीपेक्षा कमी होता, तरी तो साठवत राहिला.

त्यातून बायकोच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं. डावं तसंच राहिलं.