बाबांच्या हनवटीखालचा उजेड

गेल्या रविवारी मालवणला घरीच होतो. सकाळपासून कॉम्प्युटरवर बाबांचं कार्टून रंगवत बसलो होतो...

बाबांना जाऊन वर्ष होत आलं. त्यांचा धड फोटो नाही. आहे तो मतदान ओळखपत्रावरचा, त्यात ते ओळखूसुद्धा येत नाहीत. म्हणून ठरवलं, वर्षश्राद्धाच्या आत आपणच त्यांचं चित्र करायचं. आपल्या मासेमारीच्या होडीत बसून हसणारे बाबा... मला फक्त कार्टूनच काढता येतं.

कार्टूनच्या क्लासमध्ये शिकवलं होतं, उजेड कुठल्या बाजूने येतो ते आधी ठरवा. मी ऊन वरून घेतलं आणि टोपीखाली, नाकाखाली, हनवटीखाली काळ्या रंगाने सावली भरली. नियमाने सगळं बरोबर होतं, पण चेहरा काही केल्या जिवंत होईना. तीन रविवार गेले यात.

दुपारी आई बाजारातून मासे विकून आली. पाटी खाली ठेवून, हात धुऊन मागे येऊन उभी राहिली. मला वाटलं, रडेल.

"शिळ्या बांगड्यासारखो रंग केलंस रे तोंडाचो," ती म्हणाली.

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. बरोबरच होतं तिचं... मासा ताजा की शिळा हे ती लांबून रंगावरून सांगते. मी विचारलं, मग चुकलंय कुठे? तिने स्क्रीनवर हनवटीखाली बोट ठेवलं.

"हयसर काळोख कधी नसायचो. होडयेत बसले काय पाण्याचो उजेड खालसून तोंडार मारायचो."

इतकी वर्षं मीही त्या होडीत बसलोय. माझ्या लक्षात नव्हतं.

सगळा काळा रंग पुसला. सावलीला तपकिरी-जांभळा घेतला आणि हनवटीखाली, गालाच्या कडेला समुद्राचा फिकट हिरवा अगदी हलक्या ब्रशने लावला. माउस सोडून मागे सरकलो, तर समोर बाबा होते.

आईला हाक मारली. ती पुन्हा मागे येऊन उभी राहिली. गालावर दाढीच्या खुंटांचे बारीक ठिपके दिले होते मी, तिथे तिची नजर थांबली.

"आजव दाढी करूक नाय," ती पुटपुटली आणि आत चहा ठेवायला गेली.

वर्षभर तिने बाबांचा विषय निघाला की पदर डोळ्यांना लावलाय. ते गेल्यापासून त्यांच्यावर पूर्वीसारखं कुरकुरताना तिला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं... फार बरं वाटलं.